बाग बंद करा म्हणे!

आमच्या घरात राणीची बाग बंद करावी असं म्हणणाऱ्यांचं आता जवळजवळ बहुमत झालं आहे. गंमत म्हणजे ते दोन अगदी वेगळ्या वाटांनी झालं आहे. भावोजींचं म्हणणं, रस्त्यात खड्डे असताना महापालिकेनं हे पांढरे हत्ती पोसायचेच कशाला (हा विनोद ते दर वेळी करतात आणि दर वेळी आधी स्वतः हसतात). त्यांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, म्हणणं की पैशाचं सोड गं मावशी, पण आपल्या रविवारच्या करमणुकीसाठी एखाद्या जनावराला जन्मभर डांबून ठेवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? ह्या बापलेकीचं आजवर टीव्हीच्या रिमोटपासून लग्नाच्या वयापर्यंत कशावरही एकमत झालेलं नाही. ते शेवटी झालं राणीच्या बागेवर!

मी विरोधात. जेवताना दोघं मिळून माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत, म्हणून इथे लिहितेय. इथे मधेच कुणी "ते राहू दे, आमटी वाढ" म्हणू शकत नाही.

आणि हो, मी राणीची बागच म्हणणार. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे पाटीवरचं नाव मला माहीत आहे, जिजाऊंबद्दल आदर तर आहेच. पण माझ्या आजीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे राणीची बाग म्हणत आले, आता माझी जीभ वळायची नाही.

भावोजी बोलतात तेव्हा त्यांनी एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की ही प्राणी दाखवायची जागा आहे. मुळात ती तशी नव्हतीच. शिवडीला शेती-बागायतीचा अभ्यास करणाऱ्या एका सोसायटीची बाग होती. ती जागा इंग्रजांना दफनभूमीसाठी हवी झाली, म्हणून बाग उठून भायखळ्याला आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर ह्यांनी तिचं उद्घाटन केलं. म्हणजे आधी झाडं. पिंजरे मागाहून आले. आजही तिथे तीन हजारांच्या वर झाडं आहेत, पावणेतीनशेहून जास्त जातींची. गोरखचिंचेचं ते अवाढव्य खोड आहे, ज्याला आम्ही लहानपणी हत्तीचा पाय म्हणायचो. बुंध्यालाच फुलं येणारा कैलासपती आहे. आणि ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. तिच्या लालगुलाबी फुलांचे झुबके खाली लोंबतात, तेव्हा त्या झाडाखाली उभं राहून बघावं. मुंबईत दुसरीकडे ती सहसा दिसत नाही. पण आपल्याकडे झाड बघायला तिकीट काढून कोण जातं! त्यामुळे बागेची जाहिरात कायम वाघाची, आता पेंग्विनची.

शिवाय शहराला नकोशा झालेल्या वस्तू ठेवायची ही माळ्यासारखी जागा. काळा घोडा म्हणतो तो एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथेच आणला. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. ज्याच्यावरून इंग्रज त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले तोच. १८६४ मध्ये साहेब त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आले आणि पुढे जोडून उभे केले गेले. चारा नाही, माहूत नाही, डॉक्टर नाही. भावोजींना परवडेल असा मुंबईतला हा एकमेव हत्ती!

आम्ही माहीमची माणसं. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण आमच्या लहानपणी मिठीच्या मुखाशी असलेल्या त्या किनाऱ्यावर मुलांना खेळायला कुणी शहाणं माणूस पाठवत नसे. शिवाजी पार्क चालत जाण्यासारखं, पण तिथे बसायचं म्हणजे एक डोळा कायम चेंडूवर. आणि सावली कडेकडेला, कट्ट्यापुरती. म्हणून मग दादरला गाडी बदलून भायखळा. वर्षातून दोनदा तरी, एकदा दिवाळीच्या आणि एकदा मेच्या सुट्टीत. आई-बाबा साखरपुड्यानंतर लग्नाआधी एकदाच बाहेर भेटले तेही तिथेच, सोबत मोठे मामा, लक्ष ठेवायला. मामांनी दीड तास माकडं बघितली असं आई सांगते. (मामा, वाचत असाल तर नाकारू नका. आईकडे तुम्हीच काढलेला फोटो आहे.)

आता पैशाकडे येऊ, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. हे बर्फातले नव्हेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, पण म्हणून मुंबईचा मे महिना त्यांना सोसेल असं नाही. त्यांच्यासाठी सोळा ते अठरा अंशांचा थंड काचमहाल केला. ऑक्टोबरात त्यातली एक मादी दगावली आणि पहिला गदारोळ झाला. मार्च २०१७ मध्ये काचमहाल लोकांना खुला झाला. १ ऑगस्ट २०१७ पासून तिकीट मोठ्यांना ५ रुपयांचं ५० झालं, मुलांना २ चं २५, आणि आईवडील व दोन मुलं असं चौकोनी कुटुंब असेल तर १००. मग सप्टेंबर २०२१ मध्ये पेंग्विनच्या तीन वर्षांच्या देखभालीचं पंधरा कोटींवरचं टेंडर निघालं आणि दुसरा, मोठा गदारोळ झाला. महापालिका म्हणाली, अहो पेंग्विनमुळेच गर्दी आणि उत्पन्न वाढलंय. विरोधक म्हणाले, ही उधळपट्टी. राजकारणात ‘पेंग्विन’ ही शिवी झाली. त्या बिचाऱ्या पक्ष्यांनी आपल्या राजकारण्यांना काय नाव ठेवलं असेल देव जाणे.

भावोजी सीए आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. तीन वर्षांचे पंधरा कोटी, म्हणजे वर्षाला पाच. त्या वर्षीचं, २०२१-२२ चं, मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक ३९ हजार कोटींचं. शंभर रुपयांत साधारण सव्वा पैसा. खड्डे ह्या सव्वा पैशामुळे बुजायचे राहिले, असं त्यांनी मला एकदा कागदावर मांडून दाखवावं.

तरी, तो खर्च मलाही पटलेला नाही. रक्कम मोठी म्हणून नव्हे. पेंग्विन कुणी मागितले होते? त्याच्या कितीतरी आधी, २००७ च्या सुमारास, थायलंडच्या सल्लागारांकडून ४३३ कोटींचा एक आराखडा करून घेतला होता. बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचं होतं. झाडांचं काय होणार हा प्रश्न काही नागरिकांनी, त्यातही बहुतांशी बायकांनी, लावून धरला. त्या झाडं मोजत हिंडल्या, पत्रं लिहीत राहिल्या, सुनावण्यांना जाऊन बसल्या. वर्षानुवर्षं भांडल्यावर तो आराखडा आवरता घ्यावा लागला. त्या नसत्या तर आज आपण कशाच्या सावलीत उभं राहून वाद घातला असता कोण जाणे.

म्हणजे बघा, बाग महाग नव्हती. ती आधी महाग केली गेली आणि मग विचारलं जातंय की परवडते का. घरात एखाद्यानं सासूबाईंच्या जुन्या लाकडी पाटाला सोन्याचा पत्रा ठोकावा आणि मग म्हणावं, पाट फार खर्चिक, मोडीत काढू या. अहो, पत्रा काढा की! बसायला पाट लागतोच.

भाचीचं म्हणणं मात्र असं उडवून लावता येत नाही. लहानपणी आम्ही तिथे हत्तीवर बसलोय, पैसे देऊन, रांगेत उभं राहून. साखळीतला एक हत्ती जागच्या जागी डुलत असायचा. आम्हा मुलांना वाटायचं तो नाचतोय, आणि मोठी माणसंही तसंच सांगायची. डांबलेली जनावरं अशी डुलतात ती मन सैरभैर झाल्यामुळे, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानंच २००९ मध्ये आदेश काढला होता, की प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, त्यांना मोकळ्या जागी हलवावं. तरी भायखळ्याच्या हत्तिणी पुढेही वर्षानुवर्षं तिथेच होत्या. प्राणी बघून मुलांना निसर्गाची ओढ लागते हा युक्तिवाद मी कधीच करत नाही. काचेपलीकडचा पेंग्विन दिसतो न दिसतो तोच "चला, पुढे चला" सुरू होतं. त्यात कसली ओढ आणि कसलं काय. सेल्फी काढता आला तर नशीब.

तेव्हा पिंजऱ्यांच्या बाबतीत मी भाचीच्या बाजूची आहे. माझं भांडण ‘बंद’ ह्या शब्दाशी आहे.

मुंबईत बंद म्हणजे काय होतं हे आपण बघितलंय. तारापोरवाला मत्स्यालय घ्या. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं, आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख तारापोरवाला नावाच्या पारशी गृहस्थांनी दिलेले. माझ्या आत्याबरोबर तिथे जाणं हा एक सोहळा असायचा. प्रत्येक काचेपुढे उभी राहून ती बाजारातला भाव आणि हा तळायचा की ह्याचं कालवण करायचं ते मोठ्यानं सांगायची. आमच्याभोवती माणसं जमायची, पुढे पुढे तर लोक मासे सोडून तिचंच ऐकायचे. २०१५ मध्ये भरपूर खर्च करून ते मत्स्यालय नवं केलं, डोक्यावरून मासे जातील असा काचेसारखा बोगदा बसवला. मार्च २०२० मध्ये करोनानं सगळंच बंद झालं, राणीची बागसुद्धा. बाग पुढे उघडली. मत्स्यालय उघडलं नाही. इमारत धोकादायक ठरली, दाराला कुलूप तसंच राहिलं आणि वर्षांमागून वर्षं गेली. ते राज्य सरकारच्या मत्स्य विभागाचं, हे महापालिकेचं, हा फरक मला कळतो. पण कुलूप कुणाचंही असलं तरी ते लावायला एक दिवस पुरतो, हेही कळतं. आणि खरं सांगू का, त्या मत्स्यालयासाठी हळहळणारं माणूस मला आत्याशिवाय कुणी भेटलं नाही. सवय मोडली की माणसं विसरतात.

त्यात ही भायखळ्यातली पन्नासेक एकर जमीन! गिरणगावच्या इतक्या जवळच्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या नियमात लिहिलं होतं की गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी, तिसरा घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभी होती ती वाटणीतून सुटली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २००६ मध्ये तिथेही दुरुस्ती टिकली. परळ-लालबागला मैदानं कुठे मिळाली आणि टॉवर कुठे उभे राहिले ते गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. मुंबईत माणशी मोकळी जागा साधारण सव्वा चौरस मीटर असा आकडा नेहमी सांगितला जातो. बाळाचं दुपटं अंथरलं तर थोडीशी कड उरेल, एवढी.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई रुळांपलीकडे, धारावीत राहतात. गेल्या नाताळच्या सुट्टीत त्या आणि त्यांची बहीण, दोघींचे नवरे आणि पाच मुलं असे नऊजण राणीच्या बागेत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला हिशेब सांगितला. सरळ तिकिटं काढली तर चार मोठ्यांचे दोनशे आणि मुलांचे सव्वाशे. पण त्यांनी खिडकीवर दोन चौकोनी कुटुंबं केली आणि उरलेल्या एका पोराचं वेगळं तिकीट काढलं, सव्वादोनशेत भागवलं. जुन्या दरानं हेच तीस रुपयांत झालं असतं. मी विचारलं, पेंग्विन कसे होते? म्हणाल्या, "बघितले की. पाच मिन्टं. पोरं मग तिकडं झाडाखालीच पळत होती पाच वाजेपर्यंत." ह्या पाच वाजेपर्यंतच्या पळण्याला महापालिकेच्या हिशेबात रकाना नाही. मॉलमध्ये आत जायला पैसे पडत नाहीत हे खरं, पण पाच मुलांना तिथे तासन्‌तास नुसतं पळू द्या बरं! रखवालदार येतो. आणि भावोजी म्हणतात ती अलिबागची किंवा लोणावळ्याची सहल सव्वादोनशेत होत नाही. बाग नको म्हणणाऱ्या आमच्यातल्या प्रत्येकाकडे बागेऐवजी जायला दुसरं काहीतरी आहे, एवढं माझं निरीक्षण नोंदवून ठेवते.

मग करायचं काय? तर दुसऱ्या एका शहरानं केलं तसं करून बघायला काय हरकत आहे? अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्समध्ये भर वस्तीत सुमारे एकशे चाळीस वर्षं जुनं प्राणिसंग्रहालय होतं, आपल्यासारखंच. २०१६ मध्ये त्या शहरानं ते बंद करायचं ठरवलं, पण जमीन विकली नाही. तिचं पर्यावरण उद्यान करायचं आणि प्राणी एकेक करून मोकळ्या अभयारण्यांत पाठवायचे असं ठरलं. काम रेंगाळलं, टीकाही खूप झाली. सँड्रा नावाची ओरांगउटान २०१९ मध्ये फ्लोरिडाला पोचली, मारा नावाची हत्तीण मे २०२० मध्ये ब्राझीलला. म्हातारी जनावरं हलवण्यासारखी नव्हती, ती राहिली. कोस्टा रिकानंही मे २०२४ मध्ये आपली दोन सरकारी प्राणिसंग्रहालयं बंद केली. म्हणजे भाची म्हणते ते हवेतलं नाही, होऊ शकतं.

माझ्या हातात असतं तर मी आधी नवं जनावर आणणं थांबवलं असतं. आपण नेमकं उलट करतोय. फेब्रुवारी २०२० मध्येसुद्धा औरंगाबादहून (तेव्हा नाव तेच होतं) वाघाची जोडी आणलीच. दुसरं, तिकीट वेगळं केलं असतं. नुसत्या बागेला पाच-दहा रुपये, पेंग्विन बघायचे त्यांना वेगळे पैसे. "मग पेंग्विन तोट्यात जातील," भावोजी लगेच म्हणाले. जाऊ देत की. निदान कोण कुणाला पोसतंय ते तरी कळेल. आज ताईंच्या सव्वादोनशेतून एसी चालतो आणि आपण म्हणतो पेंग्विन बाग चालवतात. तिसरं, झाडांच्या पाट्या. चांगल्या, मोठ्या अक्षरांत, मराठीत, त्या झाडाची गोष्ट सांगणाऱ्या. ह्याला काही कोटी लागत नाहीत.

"म्हणजे तू बंदच म्हणतेयस की," भाची म्हणाली. पिंजऱ्यांचं म्हणतेय बाई. फाटकाचं नाही. ह्यातला फरक कागदावर बारीक दिसतो, पण ताईंच्या पाच पोरांना तो लगेच कळेल.

राहता राहिले पेंग्विन. त्यांचं काय करायचं ह्याचं उत्तर आमच्या घरात अजून कुणाकडेच नाही. भाची म्हणते परत पाठवा. पण कुठे? ते कोरियाच्या मत्स्यालयातून आले, पेरूचा किनारा त्यांनी बघितलेलाही नसणार. आणि सगळेच काही बाहेरून आलेले नाहीत. १५ ऑगस्ट २०१८ ला इथे पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, तारखेमुळे त्याचं किती कौतुक झालं, आणि आठवड्याभरात ते गेलं. २०२१ मध्ये पुन्हा दोन पिल्लं झाली, एक मे महिन्यात, एक ऑगस्टमध्ये. ही भायखळ्याचीच, जन्मानं मुंबईकर. हम्बोल्ट पेंग्विन नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं सहज काढतात. म्हणजे उद्या सकाळी बागेला कुलूप लावलं, तरी त्या सोळा अंशांच्या खोलीचं विजेचं बिल २०४० च्या आसपासपर्यंत येतच राहणार आहे. भावोजी सध्या ते बिल कुठल्या खात्यात टाकायचं ह्याचा विचार करतायत.